दोन माणसं, एक पिशवी

लिस्बनची हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटरची शर्यत, मी दोन तास पाच मिनिटांत संपवली आणि पुढची छत्तीस मिनिटं ओल्या टी-शर्टात कुडकुडत उभी राहिले. माझे कोरडे कपडे नवऱ्याच्या नावावर होते.

आम्ही एका टूर कंपनीचं खास जोडप्यांसाठीचं पॅकेज घेतलं होतं. पाच रात्री हॉटेल, शर्यतीची नोंदणी, बिब (छातीवर लावायचा नंबर) आणून देणं, शर्यतीच्या सकाळी सोबत एक प्रतिनिधी आणि फिनिशला आपलं सामान. कंपनीचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली होती, गडबड मूळ कल्पनेतच आहे. नवरा-बायको म्हणजे मिळून एक धावपटू, अशी ती कल्पना.

नोंदणीच्या वेळीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. फॉर्ममध्ये 'अपेक्षित वेळ' असा एकच रकाना होता. मी फोन करून सांगितलं, आमच्या दोघांत अर्ध्या तासाहून जास्त फरक पडतो. "काही हरकत नाही मॅडम, जे हळू आहेत त्यांची वेळ टाका, म्हणजे एकत्र राहाल." एकत्र राहायला आम्हाला घर आहे. पळताना मी किलोमीटरला सहा मिनिटांच्या आतबाहेर असते, तो साडेसात. तो मस्त गप्पा मारत, फोटो काढत पळतो. मला बोलायला लावलं की माझा श्वास जातो. पण नोंदणी झाली ती त्याच्या वेळेने, आणि मी सगळ्यात मागच्या वेव्हमध्ये, म्हणजे शेवटी सोडल्या जाणाऱ्या गटात, गेले.

हॉटेल मात्र त्यांनी फार विचाराने निवडलं होतं. ही शर्यत तेजो नदीच्या पलीकडून, पुलाच्या टोलनाक्यापासून सुरू होते आणि अलीकडे बेलेंमध्ये, जेरोनिमोस मठापाशी संपते. म्हणजे सकाळी नदी ओलांडून प्रागाल स्टेशनला पोचावं लागतं. आमचं हॉटेल एंत्रेकांपोस स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर होतं, तिथून प्रागालला थेट गाडी. नदीकाठच्या देखण्या खोल्या सोडून त्यांनी ही साधी जागा धरली, त्याचं मोल शर्यतीच्या पहाटे कळलं. न्याहारीही हॉटेलला सांगून लवकर उघडायला लावली होती. केळं, टोस्ट, कॉफी, बास. पोटाला नवीन काही नको असतं त्या दिवशी.

आता आदल्या दिवसाचं. तीन आठवडे टेपर करून, म्हणजे सराव कमी करत आणून, पाय जपून आपण परदेशात येतो आणि शनिवारच्या कार्यक्रमात काय, तर 'रोमँटिक वॉक', चार तासांचा. लिस्बन म्हणजे नुसत्या टेकड्या. आल्फामा या जुन्या वस्तीच्या पायऱ्या, वर साओ जॉर्ज किल्ला, आणि पायाखाली ते चुनखडीचे छोटे दगड, झिजून झिजून आरशासारखे झालेले. दिसायला सुंदर, पोटऱ्यांना वैरी. दीड तासानंतर मी एका पायरीवर बसले ती उठलेच नाही. नवरा शेवटपर्यंत गेला, कारण "पैसे भरलेत". दुसऱ्या दिवशी सतराव्या किलोमीटरला त्याची डावी पोटरी धरली, ती याच पैशांची वसुली. हा वॉक सोमवारी ठेवला असता तर मी पाच तारे दिले असते. शर्यतीनंतर हळूहळू चढायला ते शहर छानच आहे.

एक गोष्ट पॅकेज घेणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावी: प्रवासविम्यात शर्यत बसते का? बऱ्याच पॉलिसींमध्ये स्पर्धात्मक खेळ वगळलेले असतात. मी ईमेल केला, उत्तर तीन दिवसांनी आलं, "हो". पॉलिसी उघडून वाचली तर "नाही". वेगळा जादा विमा आम्हीच काढला. आणि बूट केबिन बॅगेत ठेवा, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

रविवारी पहाटे हॉटेलच्या लॉबीत प्रतिनिधी मुलीने सगळ्यांकडून कपड्यांच्या पिशव्या घेतल्या. जोडप्यामागे एक पिशवी, एक टॅग, टॅगवर एक बिब नंबर. नवरा रांगेत पुढे होता, म्हणून नंबर त्याचा. झोपेत होते, नाहीतर तिथेच भांडले असते.

मग ती गाडी. २५ एप्रिल पुलाला दोन मजले आहेत, वर मोटारी आणि खाली रेल्वे. रेल्वे १९९९ मध्ये सुरू झाली, पूल १९६६ चा. तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. १९७४ च्या क्रांतीनंतर क्रांतीची तारीखच त्याचं नाव झाली. एरवी या पुलावर पायी जाता येत नाही. शर्यतीच्या दिवशी तुम्ही त्याच्या पोटातून पलीकडे जाता आणि पाठीवरून पळत परत येता. माझ्यासाठी सगळ्या सहलीचे पैसे इथे वसूल झाले. पाण्यापासून साधारण सत्तर मीटर उंच, लांबी सव्वादोन किलोमीटरच्या वर, मागे क्रिस्तो रेईचा, म्हणजे येशूचा, हात पसरलेला पुतळा आणि समोर अख्खं शहर. मधल्या लेनला डांबर नसून पोलादी जाळी आहे. मी मुकाट डांबरावर राहिले.

राहिले म्हणजे अडकले. मागची वेव्ह म्हणजे फोटो काढणारे, हातात हात घालून चालणारे, मधेच थांबून नदी बघणारे. त्यांचं काही चुकत नव्हतं, मीच चुकीच्या घोळक्यात होते. पहिले तीन किलोमीटर प्रत्येकी सात मिनिटांच्या वेगाने गेले. नवरा शेजारी खुशीत होता. "बघ, एकत्र पळतोय की!" पूल संपून उतार लागला तशी मी म्हटलं, "जाते रे," आणि गेले. वेळ धावपटूजवळच्या चिपने, ज्याने त्याने सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून मोजतात, त्यामुळे उशिरा सुटल्याने नुकसान होत नाही. पण गर्दीत डावी-उजवीकडे केलेल्या उड्या चिप मोजत नाही. घड्याळात २१.४ किलोमीटर पडले.

नदीकाठचा रस्ता सपाट आहे. हाफ मॅरेथॉनचे दोन विश्वविक्रम याच शहरात झाले, २०१० मध्ये झेरसेनाय तादेसेचा ५८:२३ आणि २०२१ मध्ये जेकब किप्लिमोचा ५७:३१. नवऱ्याला हे आकडे पाठ आहेत. जाऊन वळून येण्याचा टप्पा असल्यामुळे तो मला समोरून येताना दिसला, एका अनोळखी आजोबांशी गप्पा मारत. मला बघून दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "पिशवी माझ्याकडे आहे!" तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला फिनिशनंतर. कंपनीचा तंबू सापडला, पिशवी समोर दिसत होती, माझं निळं जॅकेट तिच्यातून डोकावत होतं. तंबूतल्या माणसाने माझं बिब बघितलं, टॅग बघितला आणि मान हलवली. माझा फोन त्या पिशवीत, नवऱ्याचा फोन नवऱ्याजवळ. नदीवरचा वारा, वाळणारा घाम. शेवटी ती प्रतिनिधी मुलगी आली आणि तिने स्वतःचं जॅकेट काढून मला दिलं. पिशवी द्यायचा अधिकार तिलाही नव्हता. वास्को द गामाचं थडगं त्या मठात आहे, आणि त्याच्याइतकीच गार पडून मी बाहेर उभी होते.

नवरा दोन तास एक्केचाळीस मिनिटांत आला, लंगडत, पण चेहरा उजळलेला. लगेच कंपनीचा फोटोग्राफर पुढे. पॅकेजमध्ये 'दोघांनी हातात हात घालून रेषा ओलांडतानाचा फोटो' होता. मी म्हटलं, मी अर्ध्या तासापूर्वीच ओलांडली. त्यांची तयारी होती. तंबूमागे कापडाची एक छोटी कमान उभी केली होती. तिच्यातून आम्हाला तीनदा पळवलं. फोटोत मी दुसरीचं जॅकेट घातलंय आणि नवरा एका पायावर आहे.

पुन्हा गेलो तर हॉटेल आणि बिब यांच्याकडूनच घेऊ. नोंदणी दोन वेगवेगळ्या एकट्या माणसांची करू, पिशव्या दोन नेऊ, शनिवारी खोलीत लोळू.

परत आल्यावर कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म आला. मी सविस्तर लिहायला बसले तर तो आधीच भरलेला होता. जोडप्यामागे एकच फॉर्म. नवऱ्याने विमानतळावरच भरून टाकला होता, पाच तारे, आणि खाली 'वॉक अप्रतिम'.