‘रोबॉट’ शब्दाची जन्मतारीख सांगणारा कोश

नववीच्या विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी ‘रोबॉट’ या शब्दावर चार ओळी लिहायच्या होत्या, म्हणून मी ‘हिस्टॉरिकल डिक्शनरी ऑफ सायन्स फिक्शन’ हा इंटरनेटवरील कोश प्रथम उघडला आणि जेवणासाठी तिसरी हाक आल्यावर नाइलाजाने मिटला. त्यानंतर गेले काही महिने अंबाजोगाईत बसून मी तो नेमाने वापरत आहे.

कोश विनामूल्य आहे. विज्ञानकथांतील शब्दांचे जुन्यात जुने वापर ऑक्सफर्ड इंग्रजी कोशासाठी शोधून काढण्याचे काम २००१ मध्ये सुरू झाले होते आणि हौशी वाचकांनी जुनी मासिके चाळून त्यात भर घातली होती. त्याच कामाच्या पायावर कोशकार जेसी शाइडलोअर यांनी जानेवारी २०२१ मध्ये हा स्वतंत्र कोश वाचकांसाठी खुला केला. प्रत्येक नोंदीत आधी अर्थ, मग वर्षानुक्रमे अवतरणे अशी मांडणी आहे, आणि बहुतेक ठिकाणी अवतरणाशेजारचा दुवा दाबला की मूळ छापील पानाचे छायाचित्रच समोर येते. शब्दाचे वय सांगणारे पुष्कळ भेटतात. हा कोश त्याचा दाखलाही हातात ठेवतो.

‘रोबॉटिक्स’ची नोंद याचे चांगले उदाहरण आहे. आयझॅक असिमोव्ह यांच्या मे १९४१ मधील एका कथेत हा शब्द आला, पण आपण नवा शब्द घडवत आहोत याची त्यांना कल्पनाच नव्हती. ‘फिजिक्स’सारखा तोही आधीपासून असणारच, असे त्यांनी गृहीत धरले होते. आज अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशपत्रकांत मिरवणाऱ्या शाखेचे नाव असे एका कथालेखकाच्या गैरसमजातून आले आहे, हे मुलांना सांगितले तेव्हा वर्गात बराच वेळ हशा होता.

मूळ ‘रोबॉट’ मात्र हसण्याचा शब्द नाही. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाटकातून तो जगभर गेला. चापेक यांच्या मनात आधी ‘लाबोरी’ असा शब्द होता. ‘रोबॉट’ सुचवला तो त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे कुळाने जमीनदारासाठी सक्तीने करायचे काम. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवत होतो तेव्हा निजामाच्या काळात लहानपण गेलेले आमचे अण्णा सुपारी कातरता कातरता सहज म्हणाले, “मंग सरळ वेठ म्हना की!” संस्कृत ‘विष्टि’पासून आलेल्या या शब्दाइतका नेमका प्रतिशब्द मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही. आपण ‘यंत्रमानव’ म्हणतो, त्यात यंत्र येते, मानव येतो, पण वेठ गळून पडते. शिवाय चापेक यांच्या नाटकातले रोबॉट लोखंडाचे नव्हतेच; ते रासायनिक द्रव्यातून घडवलेले, माणसासारखे दिसणारे राबते जीव होते आणि शेवटी ते मालकांवर उलटतात. आमच्या भागात पाडव्याला साल ठरवून वर्षभर राबणारा सालगडी ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे नाटक वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

इतर नोंदींवर इतका वेळ रेंगाळलो नाही. परका ग्रह माणसाच्या वस्तीजोगा करणे या अर्थाचा ‘टेराफॉर्मिंग’ जॅक विल्यमसन यांच्या १९४२ मधील कथेतला, तर क्षणार्धात दूरच्या ताऱ्यांपर्यंत निरोप पोचवणारा ‘अँसिबल’ उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या कादंबरीतला. उत्तर देण्याजोगे या अर्थाच्या ‘आन्सरेबल’ या इंग्रजी शब्दाचे ते आक्रसलेले रूप असून पुढे इतर लेखकांनीही तो बिनदिक्कत उचलला.

कोशाची मर्यादा त्याच्या विषयातच आहे. भर व्युत्पत्तीपेक्षा अवतरणांवर असल्याने शब्दाचे मूळ खोलात शोधणाऱ्याला दुसरे कोश जवळ ठेवावे लागतात, आणि सारे काही इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमाच्या मुलांना शेजारी शिक्षक लागतोच. मराठी विज्ञानकथेची शब्दसंपत्ती येथे शोधण्याची अपेक्षाही कोणी ठेवू नये. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवलेल्या कथेचे शीर्षकच ‘कृष्णविवर’ होते. ‘उडती तबकडी’ तर मला मूळ इंग्रजी शब्दाहून देखणी वाटते. अमेरिकेत १९४७ मध्ये वर्तमानपत्रांनी रूढ केलेल्या त्या नावात बशी आहे. आपण ‘उडती बशी’ म्हटले असते तर प्रत्येक वेळी चहाच आठवला असता. अशा शब्दांसाठी वर्ष, वाक्य आणि छापील पान यांसह मांडलेला मराठी कोश हवा, ही माझी तक्रार या कोशाबद्दल नसून आपल्याबद्दल आहे.

वापरणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. नोंदी मोबाइलवर नीट वाचता येतात, पण दोन रकान्यांत दाटीने छापलेली मासिकांची पाने त्यावर वाचताना डोळे शिणतात, म्हणून मूळ पाने पाहायची असतील तर संगणकच घ्यावा. शाळेच्या ग्रंथालयातील संगणकावर मी या कोशाचा दुवा ठेवला आहे, आणि आठवीच्या पुढच्या मुलांना एका बैठकीत एकच शब्द दाखवतो.