नाकावरच्या पाच भोकांचं कॅलिब्रेशन: विंड टनेल, गाडीचा टप की थेट उड्डाण?

हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीचा दांडा नको असेल, तर विमानाच्या गोल नाकावरच भोकं पाडून दाब मोजता येतो. नासाने एफ-१८ वर हे करून पाहिलं, आणि २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटीच्या उष्णताकवचातही अशी सात भोकं होती. आपल्या मॉडेल विमानाला पाच पुरतात: एक मधोमध, चार ४५ अंशांवर. वरच्या-खालच्या जोडीतून अल्फा (समोरून येणारी हवा वर-खाली किती कोनात येते), डाव्या-उजव्या जोडीतून बीटा (डावी-उजवीकडून किती कोनात येते). पण कुठल्या दाबाला कोणता वेग आणि कोन, हे आधी ताडून ठरवावं लागतं. तेच कॅलिब्रेशन, आणि त्याचे तीन मार्ग: विंड टनेल (कृत्रिम वाऱ्याचा बोगदा), गाडीचा टप, थेट उड्डाण.

आता हिशेब बघा. मे महिन्यात जळगावला ४५ अंश सेल्सियसमध्ये हवेची घनता प्रमाण मानली जाणारी १.२२५ किलो प्रति घनमीटर नसते, साधारण १.०८ भरते. सेकंदाला १५ मीटर वेगाला गतिक दाब (वेगामुळे येणारा दाब) जेमतेम १२० पास्कल. गोलाच्या सूत्राने अल्फा एक अंशाने बदलला, की वरच्या-खालच्या भोकांत साडेनऊ पास्कलचा फरक पडतो, म्हणजे जवळपास एक मिलिमीटर उंच पाण्याचा दाब! भोकाच्या कडेला ड्रिलचा कंगोरा राहिला तर तेवढा फरक तोच खाऊन टाकतो. बोट फिरवून बघा, नखाला लागता कामा नये.

म्हणून कुठलाही मार्ग घ्या, आधी पारदर्शक नळी यू आकारात वाकवून, रंगीत पाणी भरून यू-ट्यूब करा आणि दाब मोजणारा प्रत्येक सेन्सर तिच्याशी ताडून बघा. नळी तिरपी ठेवली की मिलिमीटर वाचायला सोपं जातं. आमचा सेन्सर खोलीत शून्यावर होता. विमान दहा मिनिटं उन्हात ठेवलं, तर जागेवरच सहा मीटरचा वेग दाखवायला लागला. तेव्हापासून सेन्सरचं शून्य लावतो ते मैदानातच, सावलीत, नाकावर कापडी टोपी घालून.

विंड टनेलचा मोठा फायदा म्हणजे कोन तुमच्या हातात असतो. नाक स्टँडवर उणे १० पासून अधिक १५ अंशांपर्यंत फिरवा, बीटासकट तक्ता एका दिवसात तयार. पण कॉलेजच्या छोट्या टनेलात फक्त नाक मावतं, पंख नाही. पंख आपल्या पुढची हवा वर उचलतो, त्यामुळे उड्डाणात नाकाला खऱ्यापेक्षा जास्त अल्फा दिसतो. आमचा आकडा दीड अंशाने चढा येत होता आणि आम्ही दोन आठवडे बिचाऱ्या सेन्सरला शिव्या दिल्या.

गाडीचा टप स्वस्त, पण वेगापुरताच. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे बरोबर १५ मीटर. जाऊन-येऊन सरासरी काढली की वारा वजा होतो. कोन मात्र विसरा. बॉनेटवरून हवा आधीच वाकून येते, त्यात शेजारून उसाचा ट्रक गेला की सगळं पाण्यात.

थेट उड्डाणात पंख, पंखा, सगळं जागेवर असतं. वेगासाठी तीन दिशांना सरळ पट्टे उडवा, जीपीएसवरून वारा आणि खरा वेग दोन्ही सुटतात. घनतेत त्या दिवशीचं तापमान घाला. १.२२५ तसंच ठेवलं तर मेमध्ये १५ दिसतात तेव्हा विमान १६ ने चाललेलं असतं. (स्टॉलला, म्हणजे पंखाची उचल सुटण्याला, याचं सोयरसुतक नाही, पंखाला फक्त दाब कळतो.) अल्फासाठी स्थिर हवेत नाकाचा कल वजा चढाईचा कोन. बीटा इथे अवघडच, रडर (शेपटीचं उभं सुकाणू) देऊन विमान आडवं घसरवावं लागतं.

स्थिर हवा मात्र आपल्याकडे सकाळीच मिळते. शेजारच्या केळीचं पान हललं नाही तोवर उडवून घ्या. दहानंतर काळी जमीन तापून वावटळी उठल्या, की अल्फाचा आलेख नुसता नाचतो. जवळ विमानतळ असेल तर कुठे उडवायला परवानगी आहे ते दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा आधी पाहा.

माझं मत विचाराल तर यू-ट्यूब आणि उड्डाण, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. टनेलचा एक दिवस मागून घ्या तो बीटासाठी, किंवा अल्फा १० अंशांपलीकडे न्यायचा असेल तर. गाडीच्या टपावर मी आता फक्त नळ्या उलटसुलट जोडल्या नाहीत ना, एवढंच बघतो.