आळशी डोळा: पट्टी की ॲट्रोपिनचे थेंब? दोन्ही करून बघितलेल्या बापाचं मत

ऑर्थोप्टिस्टनी "पट्टी किंवा थेंब, दोन्ही चालेल, घरी बोलून ठरवा" असं सांगून पाठवलं असेल तर चष्मा लावून तीनचार महिने झाले असणार आणि तरी एक डोळा मागेच राहिलेला असणार. आमचंही हेच होतं. आळशी डोळा म्हणजे लहानपणी नीट वापरात न आल्याने चष्मा लावूनही कमी दिसणारा डोळा; त्याला कामाला लावायला चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात किंवा ॲट्रोपिनच्या थेंबांनी त्याला धूसर करतात. बाकी तुम्हाला एव्हाना पाठ असेल, ते सोडून देतो.

ज्यांची पहिली अपॉइंटमेंट अजून व्हायचीय त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑर्थोप्टिस्ट म्हणजे चष्मा बनवणारे नाहीत आणि सर्जनही नाहीत, दोन डोळे जोडीने काम करतायत का हे बघणारी माणसं. दुखण्यासारखं काही नसतं. एकेक डोळा झाकून चित्रं ओळखायची, मग मूल खेळण्याकडे बघत असताना कधी हा कधी तो डोळा झाकतात आणि उघडल्यावर तो जागेवर यायला किती हलतो ते बघतात, तिरळेपणा असेल तर प्रिझमच्या पट्टीने तो मोजतात. शेवटी एक खास चष्मा घालून चित्रातल्या मोठ्ठ्या माशीचे पंख चिमटीत धरायला सांगतात. ज्याला वस्तूची खोली, म्हणजे पुढेमागे किती आहे ते, कळते ते मूल कागदाच्या वर हवेतच चिमटी करतं. आमच्या लेकीने सरळ कागदावर बोट टेकवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. नंबर काढायला थेंब घातले तर निदान तो दिवस उजेडाचा त्रास होतो, टोपी न्या.

आता पट्टी. आम्हाला रोज दोन तास सांगितली होती. ऐकायला काहीच नाही ना? पण दोन तासांची पट्टी अख्खी संध्याकाळ खाते, लाव, काढली, परत लाव, गाल लाल झाला, आता नको, आणि चष्म्यावर चढवायची कापडी पट्टी आणली तर बाईसाहेब मान तिरकी करून नाकाच्या बाजूच्या फटीतून चांगल्या डोळ्याने मजेत बघणार. एकदा पट्टी शोधून शोधून दमलो, तर ती बाहुलीच्या डोळ्यावर, एकदम व्यवस्थित चिकटवलेली.

पण माझं मत फिरलं ते या भांडणांमुळे नाही, वहीमुळे. रोज किती वेळ लावली ते लिहायला एक वही दिलेली असते. सुरुवातीला मी खरं लिहायचो. मग चाळीस मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन झाले, आणि तिसऱ्या अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री बसून मी तीन आठवडे एका दमात भरून टाकले. ऑर्थोप्टिस्ट मॅडमनी पान उलटलं आणि एवढंच म्हणाल्या, "सगळं एकाच पेनाने दिसतंय." रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही दोन तास लिहिता, डोळा सुधारत नाही, म्हणजे मी तास वाढवणार, आणि मुळात दोन झालेलेच नसतात. तेव्हा कळलं की मी वहीत नाही, लेकीच्या डोसमध्ये खोटं लिहीत होतो.

थेंबांचं गणित सोपं: एक टक्का ॲट्रोपिन, चांगल्या डोळ्यात, आम्हाला शनिवार-रविवार. त्या डोळ्याला जवळचं धूसर दिसतं म्हणून आळशी डोळ्याला कामाला लागावं लागतं, आणि यात फटीतून बघायची सोय नाही. तोटे आहेतच. डोळ्यातली बाहुली कित्येक दिवस मोठी राहते, उन्हात डोळे मिचकावते, फोटोत एक डोळा काळाभोर दिसतो आणि नातेवाईक विचारत बसतात. आणि पट्टी काढता येते, थेंब परत काढता येत नाही. घातल्यावर डोळ्याचा आतला कोपरा मिनिटभर दाबून धरा, हात धुवा, बाटली कुलपात ठेवा कारण पोटात गेली तर विष आहे. चेहरा लाल, ताप, मूल सैरभैर असं काही झालं तर थेंब बंद आणि लगेच डॉक्टर. चांगला डोळा मायनस नंबरचा असेल तर बहुधा उपयोग नाही, चष्मा काढला की जवळचं दिसतंच.

"थेंब म्हणजे कमअस्सल उपाय" असं मलाही वाटायचं. पण 2002 साली अमेरिकेत 419 मुलांवरचा अभ्यास आला होता, मध्यम आळशी डोळ्याचा, त्यात सहा महिन्यांनी पट्टीवाल्यांची दृष्टी डोळे तपासायच्या तक्त्यावर सरासरी 3.16 ओळी सुधारली आणि थेंबवाल्यांची 2.84. सुरुवातीला पट्टी भरभर चालते एवढं खरं, पुढे फरक किरकोळ. नंतरच्या अभ्यासांत मध्यम केसमध्ये दोन तासांची पट्टी सहा तासांइतकी आणि फक्त शनिवार-रविवारचे थेंब रोजच्याइतके चालले. डोळा फारच मागे असेल तर हिशोब वेगळा, तिथे तुमच्या ऑर्थोप्टिस्टचं ऐका, माझं नको.

तुमचं मूल पट्टी लावून चित्रं रंगवत निवांत बसत असेल तर पट्टीच करा बुवा, सरळ आहे, औषध नाही, लवकर फरक दिसतो. आमच्या घरासारखं घर असेल तर मी एकदा थेंबांबद्दल विचारून बघेन. फक्त अपॉइंटमेंट चुकवू नका, दोन्हीत चांगला डोळा मागे पडत नाही ना हे बघावंच लागतं.

थेंब सुरू झाल्यावर आठ आठवड्यांनी गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, किती वेळा घातले? पंधरा, म्हटलं, एका शनिवारी तिला ताप होता. वही न उघडता.