नेत्रावळीतील रात्रीच्या मुक्कामाचे नियोजन आणि स्टेलेरियम

संगणकाच्या पडद्यावर आकाश दाखवणारी स्टेलेरियम ही प्रणाली आकाशनिरीक्षणाची आवड असणाऱ्या बहुतेकांना नावाने तरी ठाऊक असते. फाब्यें शेरो या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००१ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प मुक्तस्रोत आहे, तो वापरायला एक पैसाही लागत नाही आणि त्याची १.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. घरबसल्या ग्रहतारे ओळखण्यासाठी ती उत्तम आहे, हे सांगण्यासाठी आणखी एक परीक्षण लिहिण्याची गरज नाही. येथे मी तिच्याकडे एका वेगळ्या कामाच्या दृष्टीने पाहणार आहे. गोव्याच्या पूर्वेकडील जंगलात तंबू ठोकून तारे पाहायचे असतील, तर जागा, तिथी आणि वेळ ठरवताना ती कितपत उपयोगी पडते? माझे मत असे की या कामात तिला तोड नाही. मात्र तिच्यातील एका दुर्लक्षित सोयीपर्यंत पोहोचण्याचे कष्ट आपण घ्यायला हवेत.

गोव्यात काळोख शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सांग्यातील नेत्रावळी, काणकोणातील खोतीगाव किंवा सत्तरीतील म्हादई अभयारण्याच्या आसपास, चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. खरी अडचण डोंगरांची आणि झाडांची आहे. पर्यटकांसाठी उभारलेले तंबू पुष्कळदा कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत असतात. तेथील गारवा, पाटाच्या पाण्याचा आवाज आणि मिऱ्यांच्या वेली कोणालाही आवडतील, पण माड-पोफळींच्या खाली झोपल्यावर डोक्यावर आकाशाचे तुकडे तेवढे उरतात. दरीतल्या मोकळ्या जागेत झाडे नसली तरी सह्याद्रीचा कडा किंवा एखादी टेकडी क्षितिजाचा मोठा भाग खाऊन टाकते, आणि गोव्यात नेमके दक्षिण क्षितिजच मोलाचे आहे. आपण १५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे दिल्लीकरांना जे तारे दिसत नाहीत किंवा क्षितिजाला घासून जातात, ते येथे चांगले वर येतात. अगस्ती हा ठळक तारा दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे २२ अंशांपर्यंत चढतो, मित्रतारा १४ अंशांपर्यंत. त्रिशंकू या क्रूसाच्या आकाराच्या तारकासमूहाचा माथ्याचा तारा जेमतेम १८ अंशांवर येतो आणि पायथ्याचा १२ अंशांवरच राहतो. म्हणजे दक्षिणेकडची टेकडी १५ अंश उंच असेल, तर त्रिशंकू कधीच पूर्ण दिसणार नाही, मग जागा कितीही काळोखी असो.

स्टेलेरियमची ती दुर्लक्षित सोय येथे कामाला येते. प्रणाली उघडली की एका परक्या देशातील शिवाराचे सपाट क्षितिज समोर येते आणि बहुतेक जण तेच ठेवून पुढे जातात. वास्तविक आपल्या जागेचे क्षितिज आपण स्वतः तयार करून त्यात बसवू शकतो. प्रत्येक दिशेला डोंगर किंवा झाडांचे शेंडे किती अंश उंच आहेत, याची दोन रकान्यांची साधी यादी पुरते. सोबत जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेली एक छोटी फाइल जोडावी लागते. दिवसा जागा पाहायला जावे, फोनमधील होकायंत्राने दिशा आणि कोनमापकाने उंची घ्यावी आणि दर दहा-पंधरा अंशांनी नोंद करावी. गोव्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक या कामापुरता नगण्य आहे. मोजमापाची पडताळणीही सोपी आहे: ध्रुव तारा गोव्यात क्षितिजापासून साधारण १५ अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या दीडपट. त्याची उंची आपल्या साधनाने तेवढी आली, तर डोंगरांचे आकडेही विश्वासार्ह समजावेत.

एवढे झाले की प्रणालीचे रूपच बदलते. नेत्रावळीच्या दोन जागांची क्षितिजे मी अशी भरली. एक जागा कुळागराच्या कडेची होती आणि दुसरी सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी होऊन मोकळ्या पडलेल्या शेतातली. नकाशावर त्या एकमेकींपासून फारशा लांब नाहीत, पण एप्रिलच्या मध्याची रात्र पडद्यावर पुढे सरकवली तेव्हा पहिल्या जागेवरून त्रिशंकू झाडांआडच राहिला, तर दुसऱ्या जागेवरून रात्री साडेअकराच्या सुमारास तो टेकडीच्या खांद्यावर उभा दिसला. राहण्याचे पैसे भरण्याआधी हे कळणे फार मोलाचे आहे, कारण तंबूवाल्यांच्या जाहिरातीत जेवणाचा, धबधब्याचा आणि शेकोटीचा उल्लेख असतो, दक्षिण दिशा मोकळी आहे की नाही याचा कधीच नसतो.

तिथी ठरवण्यासाठी घरातील पंचांग पुरेसे आहे. कृष्ण दशमीपासून शुक्ल चतुर्थीपर्यंतच्या रात्री घ्याव्यात. वेळेसाठी मात्र स्टेलेरियमच हवे. धनु राशीकडील आकाशगंगेचा तेजस्वी भाग रात्रीच्या सोयीच्या वेळी सर्वांत उंच येतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा आपले आकाश ढगांचे असते. मार्चच्या मध्यास तोच भाग पहाटे चारच्या सुमारास आग्नेयेस ३० अंशांवर असतो आणि त्यानंतर तास-दीड तास चांगला काळोख मिळतो. ज्यांना पहाटे उठणे जमणार नाही त्यांनी जानेवारी निवडावा; मृग, व्याध आणि अगस्ती एकाच दृष्टिक्षेपात येतात आणि रात्री अकराच्या आसपास अगस्ती सर्वांत उंच असतो.

या प्रणालीच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. प्रकाशप्रदूषण किती धरायचे हे तिच्यात ठरवता येते, पण ते ती सगळ्या आकाशावर सारखे पसरवते. प्रत्यक्षात नेत्रावळीहून मडगाव आणि किनारपट्टीचा उजेड पश्चिमेकडे व वायव्येकडे साचलेला असतो, त्यामुळे मावळतीकडचे अंधूक तारकापुंज पडद्यावर दिसले म्हणून डोळ्यांना दिसतीलच असे नाही. ढगांचे तिला काही कळत नाही. त्याहून मोठी गोष्ट धुक्याची आहे: डिसेंबर-जानेवारीत दरीत मध्यरात्रीनंतर धुके उतरू शकते आणि दवाने दुर्बिणीची भिंगे ओली होतात. म्हणून हिवाळ्यातील निरीक्षण पूर्वरात्रीच उरकावे, असे मी आग्रहाने सुचवीन. आकाशगंगाही पडद्यावर जरा जास्तच ठसठशीत दिसते. लहान मुलांना सोबत नेणार असाल तर त्यांना हे आधी सांगून ठेवावे.

मुक्कामाच्या जागी ही प्रणाली इंटरनेटशिवाय चालते. मोबाइलला रेंज नसलेल्या जागी हा मोठा गुण आहे. पडदा लाल करण्याचीही सोय आहे, तरीही लॅपटॉपचा उजेड काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना अधिक होतो आणि डोळे पुन्हा सरावायला वीस ते तीस मिनिटे जातात. मी घरूनच वेळापत्रक कागदावर उतरवून नेतो आणि लॅपटॉप तंबूत ठेवतो. अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी लागते. हद्दीबाहेरच्या खाजगी जागेत राहणाऱ्यांनीही शेकोटीचा हट्ट धरू नये. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि शेकोटीजवळ बसून तारेही दिसत नाहीत. जागा नक्की करताना मालकांना दोनच गोष्टी विचाराव्यात: आवारातले दिवे रात्री नऊनंतर पूर्ण बंद ठेवाल का, आणि क्षितिज मोजण्यासाठी आदल्या आठवड्यात दिवसा येऊन जाता येईल का.