‘न्यूरॉन’ सिम्युलेटर: क्लोराईड मोजायचं असेल तर घ्याच

येल विद्यापीठात मायकेल हाइन्स आणि टेड कार्नेव्हाले यांनी वाढवलेलं ‘न्यूरॉन’ हे चेतापेशींची विद्युत मॉडेलं चालवणारं सॉफ्टवेअर मी गाबाच्या (मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या) अवरोधाचा अभ्यास करायला वापरते. फुकट आहे, पायथॉनमधून चालतं, आणि या कामाला इतकं जुळणारं दुसरं साधन मला मिळालेलं नाही.

पुष्कळ मॉडेलांत गाबाचा रिव्हर्सल पोटेन्शिअल, म्हणजे ज्या व्होल्टेजला त्याच्या वाहिनीतला प्रवाह दिशा बदलतो तो, उणे ७५ मिलिव्होल्ट असा एकदाच लिहून टाकतात. मग तिथे अवरोध कधी थकतच नाही! खरं तर गाबाच्या वाहिनीतून (गाबा-ए) मुख्यतः क्लोराईड जातं. खऱ्या पेशीत आत ५ आणि बाहेर १३० मिलिमोलर क्लोराईड असेल, तर शरीराच्या तापमानाला त्याचा समतोल व्होल्टेज उणे ८७ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. आत २५ झालं की तोच उणे ४४ वर चढतो, आणि पेशीला आवरणारा गाबा तिला चेतवू लागतो. ‘न्यूरॉन’मध्ये क्लोराईडचं प्रमाण क्षणाक्षणाला बदलू देता येतं. ते बाहेर काढणारं केसीसी२ हे पेशीचं प्रथिन मोजक्या ओळींत लिहिता येतं. अभिक्रिया आणि प्रसरण मोजणारं आरएक्सडी मॉड्यूल तर डेंड्राइटमधून, म्हणजे पेशीच्या फांद्यांमधून, क्लोराईड कसं पसरतं तेही दाखवतं. बारीक फांदीत जागाच एवढीशी, की गाबाचा मारा चालू राहिला तर ती लवकर भरते. पेशीच्या मुख्य भागाला मात्र फारसा फरक पडत नाही. हा फरक पडद्यावर उलगडताना बघणं मला आजही थरारक वाटतं.

अनेक पेशींचं जाळं जोडल्यावर खरी कसोटी. गॅमा लयीत, म्हणजे ३० ते ८० हर्ट्झला, अवरोधी पेशी सतत काम करतात. केसीसी२ कमी करून पाहा: समतोल वर सरकतो, मुख्य (चेतवणाऱ्या) पेशींवरची पकड सुटत जाते, लय विस्कटते आणि शेवटी झटक्यासारखा उद्रेकही होऊ शकतो. केसीसी२ क्लोराईडसोबत पोटॅशियमही बाहेर टाकतं, म्हणून बाहेरच्या पोटॅशियमचा हिशेबही ठेवाच.

आता उणिवा. सॉफ्टवेअरमध्ये तापमान मुळात ६.३ अंश सेल्सिअसवर असतं, हा स्क्विडच्या चेतातंतूवरच्या हॉजकिन-हक्सले प्रयोगांचा वारसा. सस्तन प्राण्याच्या पेशीसाठी ते बदललं नाही तर वरचे उणे ८७ गुपचूप उणे ७८ होतात. क्लोराईडचा ऋण भार आपणच सांगावा लागतो. गाबा-ए वाहिनीतून बायकार्बोनेटही जातं, तेही स्वतः घालायचं. शिवाय प्रत्येक पेशीत प्रसरण मोजायला घेतलं की मोठं जाळं फार रेंगाळतं.

नव्याने शिकणाऱ्यांनी कोऱ्या फाइलपासून सुरुवात करू नये. मॉडेलडीबी या ऑनलाइन संग्रहावर क्लोराईडची तयार मॉडेलं आहेत. त्यातलं एक उतरवा आणि आधी तापमानाची ओळ तपासा.