फ्लाइटरडार२४ वर्षभर पैसे भरून वापरलं, कोपरखैरण्याच्या गच्चीवरून

आधीच सांगतो, मी एव्हिएशनवाला नाही, वाशीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब बघतो. पण घर कोपरखैरण्याला, आणि ते मुंबई एअरपोर्टच्या रनवे २७ च्या जवळजवळ सरळ रेषेत, म्हणजे पूर्वेकडून उतरायला येणारं विमान आमच्या डोक्यावरून खाडी ओलांडतं, घाटकोपरवरून जातं आणि टेकतं. आमच्याकडे पाहुणे आले की पहिले दोन दिवस वर बघत बसतात, मग त्यांनाही ऐकू येईनासं होतं.

फ्लाइटरडार२४ म्हणजे आकाशातली विमानं नकाशावर लाइव्ह दाखवणारं ॲप. ते घेतलं आईमुळे. ९ मे २०२४, मी घरी होतो, आई गच्चीवर कुरडया घालत होती. दुपारी वरूनच हाक मारली, "आज इमानांचा संप हाय का रं?" खरंच आवाज नव्हता. म्हणून फ्लाइटरडार२४ टाकलं तर सांताक्रूझवर एकही पिवळं विमान हलत नव्हतं. नंतर कळलं, पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही रनवे बंद ठेवले होते. मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे एरवी एका वेळी एकच चालतो, आणि हे असं बंद पावसाळ्याआधी एकदा नि नंतर एकदा असतं. संध्याकाळी पाचनंतर रांग लागली ती बघण्यासारखी होती, आमच्यावरून एकामागोमाग एक, ॲपमध्ये मुंग्या निघाल्यासारखी.

काही महिने फुकटचं वापरलं, मग २०२५ च्या जानेवारीत वर्षाचा सिल्व्हर प्लॅन घेतला. किंमत लिहीत नाही, बदलत असते, स्वतः बघून घ्या. फुकटात काय मिळतं ते आधी, कारण बहुतेकांना तेवढंच लागतं. विमानावर बोट ठेवलं की प्रकार, नोंदणी नंबर, कुठून कुठे, उंची, वेग, बहुतेक वेळा त्याच विमानाचा फोटोसुद्धा. विमान स्वतःच आपली जागा १०९० मेगाहर्ट्झवर ओरडत असतं आणि जगभर लोकांनी घरावर लावलेले रिसीव्हर ते ऐकून पाठवतात, एवढीच गंमत आहे. आपण असा रिसीव्हर लावून डेटा दिला तर वरचा प्लॅन फुकट मिळतो. मी सोसायटीत अँटेनाचा विषय काढून बघितला. सेक्रेटरी म्हणाले आधी टाकीची गळती बघू. ती गळती अजून आहे.

पैसे भरल्यावर मुख्य फरक जाहिराती जाण्याचा आणि इतिहासाचा. फुकटात सात दिवस मागे जाता येतं, सिल्व्हरमध्ये नव्वद, गोल्डमध्ये वर्ष. विमानाचं वयही दिसतं, ते मला उगाच आवडतं, डोक्यावरून जाणारं एअरबस आपल्या पोरापेक्षा लहान आहे हे कळलं की बरं वाटतं. आणि त्या नव्वद दिवसांचा मी पुरेपूर वापर केला. ५ डिसेंबर २०२५ ला इंडिगोची हजारावर उड्डाणं रद्द झाली, पायलटच्या ड्युटीचे नवे नियम लागू झाले होते ना, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची लँडिंग सहावरून दोन, आणि त्या हिशेबाने रोस्टर बसलंच नाही. पुढच्या जानेवारीत मी तो दिवस प्लेबॅकला लावला आणि शेजारी आदल्या महिन्यातला साधा शुक्रवार. बातमी वाचली होती, पण देशाचा नकाशा असा विरळ झालेला बघणं वेगळंच. तसंच २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तर दिल्लीहून युरोपला निघालेलं एअर इंडियाचं विमान आधी खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावरून वळताना दिसायचं. इंधन किती जास्त जात असेल ते मला हिशेबवाल्याला लगेच डोळ्यासमोर आलं.

आता उंचीचं. पावसाळ्यात मला वाटायचं विमानं जरा वरून येतायत. आमच्या इथे उतरताना सव्वादोन हजार फुटांच्या आसपास असायला हवीत, ॲप अडीच हजार दाखवायचं. ॲपची चूक नाही ती. विमान जी उंची पाठवतं ती हवेच्या दाबावरून काढलेली, समुद्रपातळीला १०१३ हेक्टोपास्कल (दाबाचं माप) हा ठरलेला दाब धरून असते, जुलैत इथे दाब दहाएक कमी असतो, आणि कमी झालेल्या एका हेक्टोपास्कलला साधारण सत्तावीस-अठ्ठावीस फूट जास्त दिसतात. कॉकपिटमध्ये पायलट स्थानिक दाब लावतो, आपल्या मोबाइलला कोण लावणार! तेव्हा "बापरे किती खाली आलंय" किंवा उलट, असं स्क्रीनशॉट टाकून लिहिण्याआधी दाब बघा.

खरा फायदा मात्र फुकटातलाच. ताईला नागपूरला जायचं होतं, रात्री साडेआठचं विमान. कंपनीच्या ॲपवर "वेळेवर". मी तिच्या फ्लाइटला लावलेलं विमान शोधलं तर ते साडेसातला जयपुरात उभं. तिथून इथे यायलाच दोन तास जवळपास, वर उतरणं-भरणं अर्धा तास. ताईला फोन केला तर मागून भाऊजी, "हा काय पायलट झालाय का?" शेवटी निघाले सव्वाअकराला. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांचं असंच असतं. पण हे वाचून घरी बसून राहू नका हां. मुंबईत कंपन्यांकडे विमानं भरपूर असतात, ऐनवेळी दुसरं लावतात, आणि काउंटर मूळ वेळेच्याच हिशेबाने बंद होतो. ऑफिसातला एकजण माझ्याच सल्ल्याने आरामात निघाला आणि विमान बदलून वेळेवर गेलं. तो अजून माझ्याशी तुटक बोलतो.

बाकी, लष्करी विमानं सहसा दिसत नाहीत, काही खासगी जेटवाले नाव लपवून ठेवतात. मोबाइल आकाशाकडे धरून विमान ओळखायचं फीचर पोरांना दाखवायला मस्त, माझ्या फोनचा होकायंत्राचा भाग वाया गेलाय म्हणून ते ठाण्याकडचं विमान वाशीला दाखवतं, तो दोष फोनचा. बॅटरी खातं.

सिल्व्हर रिन्यू नाही केलं. वर्षभर जिथे तिथे मागचं उकरत बसलो, आता नवीन बघायचंय. २५ डिसेंबर २०२५ ला उलव्याचं, म्हणजे नवी मुंबईचं एअरपोर्ट चालू झालं, सकाळी ८ ला बेंगळुरूहून पहिलं इंडिगो उतरलं ते मी चहा घेत लाइव्ह बघितलं, एनएमआय हा कोड आपल्या नकाशावर, अंगावर काटा आला खरं सांगतो. आईला मोबाइल दाखवला. ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "ही आपल्यावरनं न्हाई जायची व्हय?"

नाही म्हटलं, ती पनवेलकडून नाहीतर खाडीकडून.

"मग कशाला दावतोस," म्हणाली, आणि मोबाइल परत दिला.