लॉन काढून जलपिंपळी लावली: नर्सरीच्या कामाचा अनुभव

नागपुरात प्रतापनगरातल्या आमच्या घरापुढे ५०० चौरस फूट मेक्सिकन लॉन होतं. ते काढून जलपिंपळी, म्हणजे जमिनीलगत पसरणारी एक वनस्पती, लावून द्यायचं काम वर्धा रोडवरच्या एका नर्सरीला दिलं. आता एक उन्हाळा तिच्यावरून गेलाय, म्हणून लिहिते.

लॉन नकोसं झालं ते पाण्यापायी. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. मे महिन्यात दिवसाला ५ मिलिमीटर धरलं, तरी एवढ्या जागेला रोज २३० लिटर. पेंच धरणाचं शुद्ध केलेलं पाणी गवताला पाजायचं आणि वाढलं की पेट्रोल जाळून कापायचं, हे पटेना. कापायला येणारं मशीन टू-स्ट्रोक. त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात आणि थोडं इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडतं. कापलेलं गवत कचरागाडीत जायचं, त्यातला नत्रही गेला, की पुन्हा युरिया.

माळीभाऊंचं काम चोख. लॉनमध्ये घुसलेली हरळी मुळासकट वेचली, काळ्या मातीत शेणखत मिसळलं आणि वीतभर अंतराने कांड्या लावल्या. जलपिंपळीला पेरापेराला मुळं फुटतात. दसऱ्यापर्यंत माती दिसेनाशी झाली. फूल अगदी बारीक: जांभळट बोंडाभोवती पांढऱ्या-गुलाबी पाकळ्यांचं कडं. सकाळी त्यावर मधमाश्या असतात, फुलपाखरंही येतात. त्यामुळे लहान मुलांना तिथे अनवाणी सोडू नका.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कडा करपल्या. आठवड्यातून दोनदा पाणी दिलं, तेवढ्यावर तगली आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटली. कापायची गरज पडलेली नाही.

दोन तक्रारी आहेत. नर्सरीवाले 'देखभाल शून्य' म्हणाले होते, ते खरं नाही. पहिल्या पावसाळ्यात लव्हाळा आणि गाजरगवत हातानेच उपटावं लागलं, आणि निंदणीला माणूस पाठवतो म्हणाले, तो आलाच नाही. दुसरं, आधी ते वेडेलियाचाच आग्रह धरत होते, स्वस्त पडतं म्हणून. ती अमेरिका खंडातली वेल, एकदा पसरली की दुसरं काही उगवू देत नाही. जलपिंपळी आपल्याच तळ्याकाठची. नर्सरीने वेडेलिया विकणं बंद करावं, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

पाचपैकी चार तारे. मुलांना रोज क्रिकेट खेळायचं असेल तर ही टिकणार नाही. लावायची असेल तर मृगाचा पाऊस पडल्यावर लावा आणि निंदणीचं आधीच लिहून घ्या.